टाइम-सिरीज टेबलमधील स्कीमा बदलांची चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस आणि त्यात टाइम-सिरीज, म्हणजे वेळेनुसार येत राहणाऱ्या नोंदी, सांभाळणारे टाइमस्केलडीबी हे एक्स्टेंशन वापरणाऱ्यांसाठी हे पान लिहिले आहे. टेबलमध्ये कॉलम वाढवणे, काढणे, त्याचा प्रकार बदलणे, इंडेक्स किंवा बंधन घालणे, हे स्कीमाचे, म्हणजे टेबलच्या रचनेचे, बदल चालू प्रणालीवर (प्रॉडक्शनवर) नेण्यापूर्वी कसे तपासावेत यासंबंधी नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. आज्ञांची नावे बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत.

साध्या टेबलच्या बदलाची चाचणी आम्ही करतोच. टाइम-सिरीज टेबलसाठी वेगळे काय करायचे?

टाइमस्केलडीबीमध्ये ज्याला आपण एक टेबल म्हणतो ती हायपरटेबल असते, आणि तिच्याखाली वेळेच्या तुकड्यांनुसार पडलेले अनेक चंक असतात. प्रत्येक चंक हे पोस्टग्रेसच्या दृष्टीने स्वतंत्र टेबलच असते : त्याची फाइल वेगळी, इंडेक्स वेगळे, लॉकही (काम चालू असताना इतरांना थोपवणारा ताबा) वेगळे. चंकचा कालावधी आपण ठरवला नाही तर तो ७ दिवसांचा धरला जातो. हायपरटेबलवर दिलेली ऑल्टर टेबल ही आज्ञा या सर्व चंकांपर्यंत पोहोचते, त्यामुळे कागदावर एका ओळीचा दिसणारा बदल प्रत्यक्षात शंभर टेबलांवरचा बदल असतो.

हे शंभर चंक एकाच अवस्थेत नसतात, ही यातली खरी अडचण आहे. काही जुने आणि कॉम्प्रेस केलेले (दाबून लहान केलेले) असतात, काही जुने पण उघडे असतात, एकात या क्षणी नोंदी येत असतात, आणि एक असा असतो की जो अजून तयारच झालेला नाही. तो पुढच्या आठवड्यात, बदल होऊन गेल्यानंतर, नव्या स्कीमाप्रमाणे जन्माला येणार आहे. माझ्या अनुभवात स्कीमा बदलाच्या बहुतेक चाचण्या फक्त चालू चंक तपासतात आणि बहुतेक तक्रारी उरलेल्या तीन अवस्थांमधून येतात. म्हणून कोणत्याही बदलाची चाचणी लिहिताना कॉम्प्रेस केलेला, जुना उघडा, चालू आणि अजून न जन्मलेला अशा चारही चंकांवर तो बदल तपासला गेला आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. पुढची बहुतेक उत्तरे या एका प्रश्नाभोवतीच आहेत.

उदाहरणासाठी कोणते टेबल धरले आहे?

शीतगृहांतील तापमानाच्या नोंदींचे. नाशिक परिसरात द्राक्षांसाठी अशी शीतगृहे बरीच आहेत आणि त्यांचा डेटा या प्रकारात अगदी चपखल बसतो. समजा २,००० सेन्सर आहेत आणि प्रत्येक जण दर ३० सेकंदांनी एक नोंद पाठवतो. म्हणजे एका सेन्सरच्या दिवसाला २,८८० नोंदी, सर्व मिळून दिवसाला ५७ लाख ६० हजार, आणि सात दिवसांच्या एका चंकमध्ये ४ कोटी ३ लाख २० हजार. कॉलम चारच : वेळ, सेन्सरचा क्रमांक, तापमान आणि आर्द्रता. डेटा दोन वर्षे ठेवायचा असेल तर सुमारे १०४ चंक होतात.

हे आकडे सुरुवातीलाच मांडून ठेवण्याचे कारण असे की ते न मांडल्यामुळे होणारी चूक पुढे फार महागात पडते. याच टेबलात सवयीने एक इंटिजर प्रकारचा आयडी कॉलम ठेवला, तर त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि दिवसाला ५७ लाख ६० हजार या वेगाने ती ३७३व्या दिवशी संपते. त्या दिवशी नोंदी घेणे थांबते. चाचणीच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये हा दिवस कधीच उजाडत नाही.

चाचणीच्या डेटाबेसमध्ये डेटा किती असावा?

दोन वेगवेगळ्या चाचण्यांसाठी दोन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

बदल बरोबर होतो का, हे पाहण्यासाठी थोडा डेटा पुरतो, पण तो अनेक चंकांत विखुरलेला हवा. जनरेट सिरीज या फंक्शनने दहा सेन्सरांच्या, तासाला एक, अशा सहा महिन्यांच्या नोंदी तयार केल्या तर त्या जेमतेम ४४ हजारांच्या आसपास भरतात, पण २६ चंक तयार होतात. त्यांतले पहिले दहा-बारा कॉम्प्रेस करावेत, बाकीचे उघडे ठेवावेत. हा संच काही सेकंदांत उभा राहतो, त्यामुळे प्रत्येक मायग्रेशनबरोबर (स्कीमा बदलणाऱ्या स्क्रिप्टबरोबर) तो स्वयंचलितपणे चालवता येतो.

बदलाला किती वेळ लागेल, डिस्क किती लागेल आणि लॉक किती धरले जातील, हे पाहण्यासाठी मात्र प्रॉडक्शनच्या आकाराचीच प्रत लागते. लहान संचावरचा वेळ मोजून त्याला हजाराने गुणणे हा उपाय नव्हे, कारण डेटा मेमरीत मावतो तोपर्यंतचा वेग आणि मावेनासा झाल्यानंतरचा वेग यांचा एकमेकांशी सरळ संबंध राहत नाही.

प्रॉडक्शनच्या बॅकअपवरून प्रत उभी करताना काय सांभाळावे?

टाइमस्केलडीबीची आवृत्ती दोन्हीकडे तंतोतंत तीच असावी. पीजी डम्प या साधनाने काढलेल्या बॅकअपमधून प्रत आणत असाल तर रिस्टोअरच्या आधी टाइमस्केलडीबी प्री रिस्टोअर आणि नंतर टाइमस्केलडीबी पोस्ट रिस्टोअर ही फंक्शने चालवावीत. आणि पोस्ट रिस्टोअर झाल्याबरोबर, दुसरे काहीही करण्यापूर्वी, त्या प्रतीतील सर्व पार्श्वभूमीचे जॉब ऑल्टर जॉब या फंक्शनने थांबवावेत. बॅकअपमध्ये डेटाबरोबर कॉम्प्रेशन आणि रिटेन्शनच्या (मुदत संपलेले जुने चंक काढून टाकण्याच्या) पॉलिसीही येतात, आणि प्रतीत त्या निमूटपणे आपले काम सुरू करतात.

ही गोष्ट मी एका प्रकल्पात चुकूनच शिकलो. तापमान उणे ५० अंशांपेक्षा जास्तच असावे असे चेक बंधन घालायचे होते. तपासणीसाठी जुना डेटा ठेवायचा म्हणून प्रॉडक्शनवरील रिटेन्शन काही आठवड्यांपूर्वी बंद केले होते, पण आमच्या हातातला बॅकअप त्याआधीचा होता आणि त्यात ती पॉलिसी चालूच होती. शुक्रवारी संध्याकाळी प्रत उभी केली. सोमवारपर्यंत तिच्यातले सर्वांत जुने चंक रिटेन्शनने काढून टाकलेले होते. चाचणी विनातक्रार पार पडली. प्रॉडक्शनवर मात्र आज्ञा अडली, कारण त्या जुन्या चंकांमध्ये तार सुटलेल्या सेन्सरांनी नोंदवलेल्या उणे १२७ अंशांच्या नोंदी होत्या. तेव्हापासून आमच्या चाचणीची पहिली पायरी म्हणजे प्रतीतील चंकांची संख्या, सर्वांत जुनी वेळ आणि सर्वांत नवी वेळ हे तीन आकडे प्रॉडक्शनशी ताडून पाहणे. ते जुळले नाहीत तर पुढची चाचणी सुरूच होत नाही.

ग्राहकांची नावे, फोन क्रमांक यांसारखा मजकूर शेजारच्या टेबलांत असेल, तर तो प्रतीत बदलून टाकावा, हे वेगळे सांगायला नको.

एखाद्या बदलाने सगळा डेटा पुन्हा लिहिला गेला की नाही, हे खात्रीने कसे कळेल?

अंदाज करण्याऐवजी फाइल पाहावी. पीजी रिलेशन फाइलनोड हे फंक्शन एखाद्या टेबलचा डेटा डिस्कवरच्या कोणत्या क्रमांकाच्या फाइलमध्ये आहे ते सांगते. बदलाच्या आधी शो चंक्स या फंक्शनने मिळालेल्या प्रत्येक चंकसाठी हा क्रमांक एका तात्पुरत्या टेबलात लिहून ठेवावा, बदल करावा, आणि पुन्हा क्रमांक घेऊन जुळवावेत. क्रमांक बदलला तर तो चंक पूर्णपणे नव्याने लिहिला गेला. तोच राहिला तर बदल केवळ कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, झाला. चाचणीत लिहायला ही तपासणी पाच ओळींची आहे आणि तिचा निकाल संदिग्ध नसतो, म्हणून ती मला सर्वांत मोलाची वाटते.

स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलम वाढवणे हे २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ पासून जवळपास फुकट झाले आहे, कारण जुन्या ओळींसाठीची किंमत कॅटलॉगमध्ये एकदाच नोंदली जाते. पण डीफॉल्टमध्ये रँडम किंवा क्लॉक टाइमस्टॅम्प यांसारखे प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देणारे फंक्शन असेल तर प्रत्येक ओळ पुन्हा लिहावी लागते. नाऊ या फंक्शनची गोष्ट निराळी आहे : त्याची किंमत बदलाच्या क्षणी एकदाच काढली जाते, त्यामुळे बदल झटपट होतो, पण दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीलाही आजची वेळ चिकटते. फाइलनोडची चाचणी येथे पार पडेल आणि तरीही डेटा चुकीचा असेल. म्हणून जुन्या चंकमधील चार-दोन ओळी प्रत्यक्ष वाचून पाहणारी चाचणीही सोबत हवी.

मर्यादित लांबीच्या व्हारकॅरची लांबी वाढवणे किंवा त्याचे टेक्स्ट करणे यात डेटा पुन्हा लिहिला जात नाही. लांबी कमी करणे, इंटिजरचे बिगइंट (मोठ्या मर्यादेचा पूर्णांक) करणे यात लिहिला जातो.

इंटिजरचे बिगइंट करण्याची चाचणी कशी करावी?

समजा वरच्या उदाहरणातील आयडीची अडचण अकराव्या महिन्यात लक्षात आली. तेव्हा ४८ चंक आणि सुमारे १९३ कोटी ओळी असतील. थेट प्रकार बदलण्याची आज्ञा दिली तर हे सर्व चंक व त्यांचे इंडेक्स एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामात) पुन्हा लिहिले जातात. ते पूर्ण होईपर्यंत जुन्या फाइलीही डिस्कवरच राहतात, आणि तेवढा वेळ त्या टेबलातून वाचताही येत नाही. प्रतीवर ही आज्ञा एकदा चालवून दोनच गोष्टी मोजाव्यात : लागलेला वेळ आणि मधल्या काळात डिस्कचा चढलेला उच्चांक. बहुतेक वेळा हे दोन आकडेच निर्णय करून टाकतात.

दुसरा मार्ग म्हणजे बिगइंटचा नवा कॉलम वाढवणे, नव्या ओळींत तो ट्रिगरने भरणे, जुन्या ओळी चंकागणिक अपडेट करत जाणे आणि शेवटी नावांची अदलाबदल करणे. या मार्गाची चाचणी करताना बॅकफिल, म्हणजे जुन्या ओळी भरण्याचे हे काम, मध्येच थांबवून पुन्हा सुरू करून पाहावे. अर्धवट भरलेल्या चंकपासून काम पुढे नेता येत नसेल, तर ते स्क्रिप्ट अजून तयार नाही असे समजावे.

आयडीला कोणी वाचतच नसेल तर तो काढून टाकणे हा तिसरा मार्ग आहे, आणि माझ्या मते वेळ व सेन्सर क्रमांक मिळून ओळ ओळखता येत असेल तर तोच उत्तम. तसेही हायपरटेबलवर केवळ आयडीचा युनिक इंडेक्स बनत नाही. ज्या कॉलमवर चंक पाडले आहेत तो वेळेचा कॉलम त्यात असावाच लागतो.

लॉकची चाचणी करायची म्हणजे नेमके काय करायचे?

स्कीमा बदलाने प्रणाली ठप्प होण्याचे नेहमीचे कारण बदल स्वतः नसून त्याची रांग असते. कोणीतरी अहवालासाठी लांबलचक सिलेक्ट चालवत असतो; ऑल्टर टेबलला संपूर्ण ताबा हवा असल्याने ती त्याच्या मागे थांबते; आणि तिच्यामागून आलेले प्रत्येक इन्सर्ट व सिलेक्ट, जे एरवी त्या अहवालाबरोबर सुखाने चालले असते, ते आता ऑल्टरच्या मागे रांगेत अडकते. हे तीन सेशन उघडून हुबेहूब घडवता येते. पहिल्यात ट्रॅन्झॅक्शन सुरू करून एक सिलेक्ट चालवा आणि ते तसेच उघडे ठेवा. दुसऱ्यात मायग्रेशन चालवा. तिसऱ्यात साधे इन्सर्ट द्या आणि पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनने कोण कोणाला अडवत आहे ते पाहा. मायग्रेशनमध्ये लॉक टाइमआउट नसेल तर तिसरे सेशन हलणार नाही, कारण त्याची मूळ किंमत शून्य, म्हणजे अमर्याद वाट पाहणे, अशी असते.

लॉक टाइमआउट २ सेकंद ठेवला म्हणजे काम झाले, असेही नाही. ही मर्यादा प्रत्येक लॉक मिळवण्याच्या प्रयत्नाला वेगळी लागू होते, संपूर्ण आज्ञेला नव्हे. १०४ चंकांच्या टेबलवर प्रत्येक चंकपाशी दोन सेकंदांच्या जरा आत वाट पाहावी लागली, तर आज्ञा तीन मिनिटांहून अधिक काळ चालू शकते, आणि त्या सर्व काळात आधी मिळालेले लॉक ती सोडत नाही. म्हणून सोबत स्टेटमेंट टाइमआउटही (संपूर्ण आज्ञेची मर्यादा) ठेवावा, आणि चाचणीत वेगवेगळ्या चंकांवर दोन-तीन लांब सिलेक्ट एकाच वेळी उघडे ठेवून मायग्रेशन ठरल्या वेळात माघार घेते का ते पाहावे. माघार घेतल्यानंतर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये असावी.

लॉकची संख्या हा वेगळा विषय आहे. मॅक्स लॉक्स पर ट्रॅन्झॅक्शन याची मूळ किंमत ६४ आणि जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. यांचा गुणाकार ६,४००, आणि सर्व सेशनांनी मिळून वापरायच्या लॉकांच्या सामायिक जागेचा हा ढोबळ आकार होय. आमच्या टेबलचे चंक सात दिवसांऐवजी एका दिवसाचे असते तर दोन वर्षांत ७३० चंक झाले असते, आणि प्रत्येकावर तीन इंडेक्स धरले तर कॉलमचा प्रकार बदलणाऱ्या एकाच आज्ञेने किमान २,९२० लॉक घेतले असते. कॉम्प्रेस केलेल्या चंकांमागची टेबले त्याहून वेगळी. जागा संपली की सामायिक मेमरी संपल्याचा संदेश येतो आणि आज्ञा रद्द होते. नवख्या माणसाला तो रॅम कमी पडल्याचा संदेश वाटतो. ही किंमत बदलण्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, त्यामुळे हा शोध मायग्रेशनच्या रात्री लागणे परवडत नाही. प्रतीवरील सर्व्हरच्या सेटिंग्जही प्रॉडक्शनप्रमाणेच ठेवाव्यात.

बदल करून रोलबॅक केला तर प्रॉडक्शनवरच चाचणी होत नाही का?

पोस्टग्रेसमध्ये स्कीमा बदल ट्रॅन्झॅक्शनमध्ये करता येतात आणि मागे घेता येतात, हे खरे आहे. चाचणीच्या डेटाबेसमध्ये याचा जरूर लाभ घ्यावा. प्रॉडक्शनवर मात्र रोलबॅक होईपर्यंत ते लॉक खरेच धरलेले असतात आणि डेटा खरेच लिहिला जात असतो. तेथे हे करू नये.

इंडेक्स वाढवताना काय तपासावे?

साध्या टेबलसाठी वापरली जाणारी क्रिएट इंडेक्स कन्करंटली ही आज्ञा हायपरटेबलवर चालत नाही. त्याऐवजी ट्रॅन्झॅक्शन पर चंक हा पर्याय आहे. त्यात प्रत्येक चंकचा इंडेक्स स्वतंत्र ट्रॅन्झॅक्शनमध्ये बनतो, त्यामुळे एका वेळी एकाच चंकमध्ये लिहिणे अडते. ही आज्ञा दुसऱ्या ट्रॅन्झॅक्शनच्या आत देता येत नाही, आणि फ्लायवेसारखी मायग्रेशन चालवणारी साधने प्रत्येक मायग्रेशन ट्रॅन्झॅक्शनमध्ये गुंडाळतात. म्हणून त्या एका मायग्रेशनपुरती ती सवय बंद केली आहे ना, हे पाहावे. मध्येच काम तुटले तर काही चंकांवर इंडेक्स असतो, काहींवर नसतो आणि मुख्य इंडेक्स अवैध म्हणून नोंदलेला राहतो. चाचणीत हे मुद्दाम तोडून पाहावे आणि अर्धवट इंडेक्स काढून नव्याने सुरुवात करणारी पायरी लिहून ठेवावी.

कॉम्प्रेस केलेल्या चंकांवर बदल कसा वागतो?

कॉम्प्रेस केलेल्या चंकमधील ओळी हजारापर्यंतच्या गटांत बांधून, प्रत्येक कॉलम वेगळा दाबून, मागच्या एका निराळ्या टेबलात ठेवलेल्या असतात. नवा कॉलम वाढवणे आणि नाव बदलणे चालते. ज्या कॉलमवर गट पाडले आहेत किंवा क्रम लावला आहे, तो काढता येत नाही. कॉलमचा प्रकार बदलायचा असेल तर आमच्या वापरातील आवृत्त्यांमध्ये कॉम्प्रेशन सोडवूनच तो बदलावा लागला आहे, आणि दहापट दाबलेला डेटा सोडवण्यासाठी दहापट डिस्क मोकळी लागते, हे गणित आधी मांडावे.

बॅकफिलच्या वेळी यातून एक अडचण येते आणि ती लहान संचावर दिसतच नाही. कॉम्प्रेस केलेल्या चंकवर अपडेट देणे २०२३ मधील टाइमस्केलडीबीच्या २.११ या आवृत्तीपासून शक्य झाले, पण त्यासाठी संबंधित गट आधी सोडवले जातात, आणि एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये किती ओळी सोडवायच्या यावर मूळ मर्यादा १ लाखाची आहे. ४४ हजार ओळींच्या चाचणी संचावर अपडेट बिनबोभाट चालते. ४ कोटी ओळींच्या चंकवर तेच अपडेट मर्यादा ओलांडल्याच्या संदेशाने थांबते. मर्यादा काढून टाकली तर चंक फुगतो आणि पुन्हा कॉम्प्रेस करावा लागतो. यासाठी लहान संचावर ही मर्यादा मुद्दाम ५०० वर आणून चाचणी चालवावी, म्हणजे स्क्रिप्ट डेटाचे तुकडे पाडून काम करते की नाही हे लगेच कळते.

कंटिन्युअस अ‍ॅग्रीगेटवर काय परिणाम होतो?

कंटिन्युअस अ‍ॅग्रीगेट म्हणजे मूळ नोंदींवरून काढून साठवलेला आणि वेळोवेळी ताजा (रिफ्रेश) केला जाणारा गोषवारा. येथे मी वाचकांना अतिशय सावध राहण्याची विनंती करतो, कारण या ठिकाणी गेलेला डेटा परत मिळत नाही.

तासाचे सरासरी तापमान काढून ठेवणारे अ‍ॅग्रीगेट ज्या कॉलमवर अवलंबून आहे, तो कॉलम काढू पाहिला तर पोस्टग्रेस नकार देते आणि कॅस्केड (त्यावर अवलंबून असलेलेही सोबत काढणे) वापरण्याची सूचना करते. ती सूचना पाळली की अ‍ॅग्रीगेट त्याच्या साठवलेल्या डेटासह निघून जाते. मूळ नोंदी दोन वर्षे आणि तासाच्या सरासऱ्या दहा वर्षे, अशी रचना असेल तर त्यांतली आठ वर्षे पुन्हा तयार करण्यासाठी मूळ नोंदीच शिल्लक नसतात. म्हणून मायग्रेशनच्या फाइलींमध्ये कॅस्केड हा शब्द आढळला की चाचणी थांबवणारा एक साधा नियम आम्ही ठेवला आहे.

व्ह्यूमध्ये (आणि अ‍ॅग्रीगेट हा व्ह्यूच असतो) वापरलेल्या कॉलमचा प्रकारही बदलता येत नाही. नव्या कॉलमची सरासरी हवी असेल तर शेजारी नवे अ‍ॅग्रीगेट बनवावे, ते भरावे आणि वाचणाऱ्यांना तिकडे वळवावे. जुने तसेच राहू द्यावे. आणखी एक लक्षात घ्यावे : ज्या कालावधीतले मूळ चंक काढून टाकलेले आहेत, तो कालावधी चुकून रिफ्रेश केला तर अ‍ॅग्रीगेटमधील त्या काळाच्या ओळीही नाहीशा होऊ शकतात. त्यामुळे चाचणीत बदलाच्या आधी आणि नंतर अ‍ॅग्रीगेटच्या दरमहा ओळींची संख्या आणि तापमानाची बेरीज काढून दोन्ही याद्या जुळवाव्यात. एकूण संख्या नव्हे, दरमहा. एकूण संख्येत नव्या ओळी जुन्यांची उणीव झाकतात.

उलट, बॅकफिलने जुन्या नोंदी बदलल्या तर अ‍ॅग्रीगेट आपोआप ताजे होईलच असे नाही. रिफ्रेश पॉलिसी ठरावीक खिडकीतच पाहते. शेवटचे तीन दिवस पाहणारी पॉलिसी मागच्या वर्षीची दुरुस्ती उचलणार नाही. तो कालावधी देऊन रिफ्रेश स्वतः चालवावा लागतो.

वेळेच्या कॉलमचा प्रकार बदलताना भारतीय वेळेचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. समजा नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ टाइमझोन नसलेल्या टाइमस्टॅम्पमध्ये, भारतीय वेळेप्रमाणे लिहिली जात होती, आणि आता तो कॉलम टाइमझोनसह करायचा आहे. जुनी किंमत कोणत्या झोनमधली समजायची हे सेशनच्या टाइमझोनवरून ठरते. २०१९ मधील पोस्टग्रेस १२ पासून सेशन यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत असेल तर हा बदल डेटा पुन्हा न लिहिताच होतो. म्हणजे पुण्यातल्या डेव्हलपरच्या संगणकावर सेशन भारतीय वेळेत असल्याने बदलाला वेळ लागतो आणि उत्तर बरोबर येते. यूटीसीवरच्या सर्व्हरवर तेच मायग्रेशन क्षणात संपते आणि सकाळी १० ची प्रत्येक नोंद दुपारी ३:३० ची होऊन बसते. कोणतीही चूक नोंदली जात नाही. स्क्रिप्टमध्ये युजिंग लिहून आशिया/कोलकाता हा झोन स्पष्ट सांगावा, आणि चाचणी दोन्ही झोनमध्ये चालवून एका ठरावीक ओळीची वेळ ताडून पाहावी.

ज्या कॉलमवर चंक पाडले आहेत, त्याच कॉलमच्या किमती साडेपाच तासांनी सरकवायच्या असतील तर जागच्या जागी प्रयत्न करू नये. चंकच्या सीमेजवळची ओळ सरकून शेजारच्या चंकच्या हद्दीत जाते, आणि अपडेटने ओळ एका चंकमधून दुसऱ्यात हलत नाही. बंधनाचा भंग म्हणून ती आज्ञा नाकारली जाते. नवी हायपरटेबल बनवून त्यात कालावधीगणिक डेटा ओतणे हाच सरळ मार्ग आहे.

दिवसाचे गट पाडणाऱ्या टाइम बकेटमध्ये झोन दिला नाही तर दिवस भारतीय वेळेप्रमाणे पहाटे ५:३० ला सुरू होतो. प्रकार बदलल्यानंतर दैनिक अहवालाचे आकडे सरकले असतील तर आधी येथे पाहावे.

अजून न जन्मलेल्या चंकची चाचणी कशी करायची?

बदल झाल्यावर दहा दिवस पुढच्या तारखेची एक नोंद टाकावी. नवा चंक लगेच तयार होतो. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण तिच्यामागे खरे कारण आहे. कॉलम काढला तरी पोस्टग्रेस जुन्या चंकमध्ये त्याची जागा रिकामी म्हणून राखून ठेवते. नव्या चंकमध्ये ती जागा मुळातच नसते. म्हणजे एकाच हायपरटेबलखाली दोन वेगळ्या अंतर्गत रचना नांदू लागतात, आणि क्वेरीला दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात. त्यामुळे इन्सर्ट, अपडेट, एकाच क्वेरीत जुना व नवा दोन्ही चंक वाचणे, आणि असल्यास ट्रिगर, हे सर्व नव्या चंकवर चालवून पाहावे.

याच्या जोडीला कॅटलॉगमधून सर्व चंकांचे कॉलम, त्यांचे प्रकार आणि नॉट नल आहे की नाही हे काढून, प्रत्येक कॉलमपुढे चंकांची संख्या मोजावी. आमच्या टेबलसाठी प्रत्येक कॉलमपुढे १०४, आणि नवा चंक धरून १०५ यायला हवेत. एखाद्यापुढे १०३ आले तर कोणता चंक मागे राहिला ते शोधावे. चंकचा कालावधी बदलला असेल तर तो केवळ नव्या चंकांना लागू होतो, त्यामुळे त्याची चाचणीही येथेच होते.

अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूने काय पाहावे?

जुनी आवृत्ती नव्या स्कीमावर चालते का, हे. बदल आणि नवी आवृत्ती एकाच क्षणी जात नाहीत. मधली काही मिनिटे जुना कोड नव्या टेबलशी बोलत असतो. कॉलमांची यादी न देता कॉपी करणारा लोडर नवा कॉलम वाढताच अडतो. सिलेक्ट स्टार आधीच प्रिपेअर करून ठेवणाऱ्या जोडण्यांना निकालाची रचना बदलल्याची चूक मिळते. म्हणून मागच्या आवृत्तीचा चाचणी संच नव्या स्कीमावर चालवावा. कॉलम काढण्याचे मायग्रेशन तो कॉलम वाचणारी शेवटची आवृत्ती बंद झाल्यावरच न्यावे.

कोणती साधने वापरावीत?

स्कीमा अपेक्षेप्रमाणे आहे का हे पाहण्यासाठी पीजीटॅप उत्तम आहे. कॉलम आहे का, त्याचा प्रकार, डीफॉल्ट आणि नॉट नल तपासणारी फंक्शने त्यात तयार मिळतात. मायग्रेशनसाठी फ्लायवे, लिक्विबेस किंवा स्क्विच यांपैकी जे हातात बसले आहे ते ठेवावे. चंकांची मोजणी आणि फाइलनोडची तपासणी मात्र स्वतः लिहावी लागते.

मागे फिरण्याची चाचणी करावी का?

करावी, आणि मधल्या काळात नोंदी येत असताना करावी. काढलेला कॉलम पुन्हा वाढवला की तो रिकामाच येतो. त्याला मागे फिरणे म्हणत नाहीत. बदल पुढे नेल्यानंतर तासभर नव्या नोंदी टाकून, मग मागे फिरून, त्या तासाच्या नोंदी शाबूत आहेत का हे मोजावे.

हे इतर डेटाबेसना लागू होते का?

तत्त्व लागू होते, तपशील नाही. क्लिकहाउसमध्ये, उदाहरणार्थ, जुनी माहिती बदलणारी अपडेटची आज्ञा मूळ सेटिंगमध्ये लगेच परत येते आणि काम पार्श्वभूमीत चालू राहते. तेथे चाचणीने सिस्टमच्या म्युटेशन्स टेबलात काम पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबले पाहिजे, नाहीतर ती अर्धवट डेटावर निकाल देईल.

बदलानंतर प्रतीवर लक्ष किती दिवस ठेवावे?

किमान एक नवा चंक आपोआप तयार होईपर्यंत, आणि थांबवलेले जॉब एकेक करून सुरू केल्यावर बदलानंतरचा पहिला चंक कॉम्प्रेस होऊन, अ‍ॅग्रीगेटचा एक रिफ्रेश आणि रिटेन्शनची एक फेरी पार पडेपर्यंत. आमच्या टेबलात चंक सात दिवसांचा आहे आणि कॉम्प्रेशन चौदा दिवसांनी होते, म्हणून आम्ही प्रत तीन ते चार आठवडे चालू ठेवतो आणि प्रॉडक्शनकडे येणाऱ्या नोंदींचा एक प्रवाह तिच्याकडेही वळवतो. रिटेन्शनचा जॉब सर्वांत शेवटी सुरू करावा, आणि तोही बदलाच्या आधी घेतलेल्या मासिक याद्या पुन्हा एकदा जुळवल्यानंतरच.